अकरा पावलांचा इतिहास

आमच्या फलटणच्या घरात अण्णांच्या पलंगापासून मोरीपर्यंतचे अंतर अकरा पावले आहे. धडधाकट माणसाची अकरा पावले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती कुणी मोजली नव्हती. कार्तिकातल्या एका पहाटे अण्णांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि त्यानंतर घरातली सगळी मोजमापे पावलांत होऊ लागली. अण्णा निवृत्त शाळामास्तर. सतरा वेळा आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेले. झटक्यानंतर जीभ जड झाली होती. आठवड्याने त्यांना नीट उच्चारता आलेला पहिला शब्द 'मोरी' हा होता. भांडे अंथरुणात घ्यावे लागते याची त्यांना फार लाज वाटत होती.

शहरातल्या रुग्णालयात त्यांच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई मन लावून काम करत. त्यांनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. काठी हातात द्यायची नाही आणि चालवण्याची घाई करायची नाही. "काकांना आधी दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन उभं राहू दे. चुकीचं चालणं एकदा अंगात मुरलं की निघत नाही." तीन आठवड्यांनी अण्णांना घरी आणले. गावात घरोघरी जाऊन व्यायाम घेणाऱ्या दुसऱ्या बाई आल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काठी कुठंय?" मी पहिल्या बाईंचा निरोप सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "वाकडं तर वाकडं, पण चालू दे त्यांना, ताई. चालल्याशिवाय चालणं यायचं कसं?"

दोघीही शिकलेल्या आणि दोघीही कळकळीच्या. मी इतिहास शिकवते, वैद्यक माझा विषय नाही. दोघींपैकी कोण बरोबर, हे ठरवण्याचा माझा अधिकार नव्हता. पण ही दोन वाक्ये आली कुठून, हा प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. पुढची दोन वर्षे मिळेल तसे वाचत गेले. कळले ते असे की, आमच्या ओसरीवर समोरासमोर आलेली ती दोन वाक्ये गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या एका वादाची दोन टोके होती.

वारे, रक्त आणि अंथरूण

'अंगावरून वारे जाणे' या आपल्या बोलीतल्या शब्दप्रयोगात एक जुने निदान जपलेले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला अठ्ठाविसावा अध्याय वातव्याधींचा आहे. कुपित वात शरीराची एक बाजू धरतो, ती हलेनाशी होते आणि वाणी अडखळते, असे पक्षवधाचे वर्णन त्यात येते. उपाय म्हणून स्वेदन, स्नेहन आणि विरेचन सांगितले आहे. ग्रीक परंपरेत हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेले एक सूत्र अधिक निराश आहे. जोराचा झटका बरा करता येत नाही आणि सौम्य झटकाही सहजी बरा होत नाही, असा त्याचा आशय.

हा विकार मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आहे, हे दाखवून दिले ते स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने. झटक्याने दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून त्याने १६५८ मध्ये ग्रंथ लिहिला. काहींच्या मेंदूत त्याला रक्तस्राव सापडला. मेंदूला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्यांचाही त्याने शोध घेतला होता. पण कारण कळले म्हणून उपाय सापडला नाही. पुढची दोनशे वर्षे रुग्णाचे रक्त काढणे, त्याला रेचके देणे, नंतरच्या काळात विजेचे झटके देणे हेच चालू राहिले. बाकी सारे अंथरुणावर सोपवलेले.

एकोणिसाव्या शतकातल्या मज्जातंतुतज्ज्ञांनी अर्धांगाच्या रुग्णाची चाल मात्र बारकाईने पाहिली. गुडघा ताठ, घोटा खाली झुकलेला, त्यामुळे पाऊल जमिनीला घासते. ते उचलता येत नाही म्हणून रुग्ण कमरेतून पाय बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापणारा शेतकरी विळा जसा फिरवतो, तसे हे दिसते म्हणून फ्रेंचांनी या चालीला गवत कापण्याचेच क्रियापद लावले. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियात मायब्रिज या छायाचित्रकाराने फ्रान्सिस डर्कम या डॉक्टरच्या साहाय्याने मज्जाविकारांच्या रुग्णांच्या चालीच्या चित्रमालिका टिपल्या. चाल आता कागदावर उतरली होती. ती बदलता येईल का, हे अजून कुणी फारसे विचारत नव्हते.

हायडेनचा डॉक्टर

तो प्रश्न वेगळ्याच रोगाच्या वाटेने आला. कॉन्स्टन्स सरोवराच्या वरच्या अंगाला हायडेन नावाचे स्विस गाव आहे. हाइनरिश फ्रेंकेल तिथे व्यवसाय करत असे. त्याच्याकडे उपदंशाने पाठीचा कणा बाधलेले रुग्ण येत. त्यांचे स्नायू शाबूत असत, पण आपला पाय कुठे आहे हेच त्यांना कळत नसे, त्यामुळे ते झोकांड्या खात. डोळे मिटून बोट नाकाला लावायची चाचणी एका रुग्णाला जमली नाही. काही काळाने तो परत आला, तेव्हा ती त्याला बरीच चांगली जमली. फ्रेंकेलने विचारल्यावर कळले की, तपासणीत 'पास' व्हायचे म्हणून तो घरी सराव करत होता.

रोग होता तिथेच होता, तरी माणूस शिकला होता. फ्रेंकेलने १८९० मध्ये याबद्दल लिहिले आणि पुढे व्यायामांची पद्धतच बसवली. जमिनीवर पावलांच्या खुणा आखायच्या, नजरेने पाय न्याहाळत त्या खुणांवर पाऊल ठेवायचे, मोजत, सावकाश, पुन्हा पुन्हा. त्याच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९०२ मध्ये निघाले. आपल्याकडच्या फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात हे व्यायाम आजही त्याच्याच नावाने शिकवतात. चालणे ही गमावल्यावर पुन्हा शिकता येणारी गोष्ट आहे, हा विचार येथून रुजला असे म्हणता येईल.

अर्धांगाच्या रुग्णांना व्यायामाने शिकवणाऱ्यांत ब्रेस्लाउचा ओटफ्रीड फर्स्टर अग्रणी होता. त्याचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे लेनिन. मार्च १९२३ मधल्या झटक्याने लेनिनची उजवी बाजू आणि वाचा गेली. मॉस्कोजवळच्या गोर्की येथे त्या उन्हाळ्यात त्यांना आधाराने आणि मग काठीने चालायला शिकवले गेले. ऑक्टोबरमध्ये ते एकदा मोटारीने क्रेमलिनला जाऊन आले. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. बोलणे जवळजवळ परतले नाही, चालणे काही प्रमाणात परतले.

माकडे आणि मांजरे

पाय परततो आणि हात किंवा वाचा मागे राहते, हा अनुभव अनेक घरांत येतो. त्याचे एक कारण ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रॅहॅम ब्राउन यांच्या १९११ मधल्या प्रयोगांत दडलेले होते. मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या पाठकण्यातूनही मागच्या पायांना आलटून पालटून पाऊल टाकण्याची लय मिळते, असे त्यांना आढळले. म्हणजे चालण्याचा ठेका मेंदूच्या खाली, कण्यातच बसवलेला आहे. मेंदू त्याला सुरू करतो, वळवतो, थांबवतो. मेंदूचा एक भाग गेला तरी ठेका मरत नाही. माणसाच्या बाबतीत मेंदूवरचे अवलंबित्व मांजराहून पुष्कळ जास्त असते, पण तत्त्व उपयोगी पडले.

दुसरा प्रयोग १९१७ चा, वॉशिंग्टनमधला. रॉबर्ट ऑग्डेन आणि शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनी माकडांच्या मेंदूतला हालचालीचा भाग निकामी करून अर्धांग घडवले. काही माकडांना तसेच सोडले. काहींचा चांगला हात बांधून टाकला आणि लुळा हात वापरायला भाग पाडले. सोडलेली माकडे लुळीच राहिली. भाग पाडलेली काही आठवड्यांत हात वापरू लागली. अर्धांगाच्या रुग्णांमध्ये जे लुळेपण कायमचे म्हणून मान्य केले जाते, त्यातले काही केवळ दुर्लक्षाचे फळ असावे, असे फ्रान्झचे म्हणणे होते.

हे म्हणणे पुढची कित्येक दशके जवळजवळ कपाटातच राहिले. प्रौढ मेंदू बदलत नाही, ही समजूत तेव्हा फार घट्ट होती.

एकाच वर्षातली दोन पुस्तके

अण्णांची काठी काढून घेणारे वाक्य कुठून आले, याचे उत्तर मला लंडनमध्ये सापडले. बेर्टा आणि कारेल बोबाथ हे बर्लिनचे ज्यू. नाझींच्या छळामुळे देश सोडून आलेले. बेर्टा व्यायामशिक्षिका, कारेल डॉक्टर. १९४० च्या दशकात बेर्टाबाईंकडे अर्धांग झालेला एक चित्रकार उपचारांसाठी आला. त्याचा लुळा हात ताणाने ताठ झाला होता. त्याला विशिष्ट रीतीने धरले, खांदा आणि कंबर विशिष्ट स्थितीत ठेवली, तर तो ताठरपणा सैलावतो, असे बाईंच्या लक्षात आले. मग त्यांच्या हातांनी जे शोधले, त्याला पतीने मज्जाशास्त्राची बैठक दिली.

तोवरचे उपचार म्हणजे चांगल्या बाजूला मजबूत करायचे, काठी द्यायची, पायाला लोखंडी पट्टी बांधायची आणि घरी पाठवायचे. बोबाथ दांपत्याने लुळ्या बाजूला जिवंत मानले, हे त्यांचे मोठेपण. पण त्यातूनच एक कडक शिस्त आली. आधी ताठरपणा मोडा, मग योग्य हालचाल घडवा, मगच चालवा. काठी दिली की सगळा भार चांगल्या बाजूवर जातो, म्हणून ती टाळा. चाल नीट व्हावी यासाठी चालणे लांबणीवर टाकायचे. बेर्टाबाईंचे प्रौढांच्या अर्धांगावरचे पुस्तक १९७० मध्ये आले.

त्याच १९७० मध्ये अमेरिकेत, मूळच्या स्वीडनच्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांचे पुस्तक निघाले. त्यांनी उलट मांडले. लुळेपण, मग ताठर एकसाची हालचाल, मग हळूहळू मोकळी हालचाल, अशा पायऱ्यांनी रुग्ण परततो. वाकडेपणा हा परतीच्या वाटेवरचाच एक टप्पा आहे, त्याला अडवू नका, त्याचा वापर करून पुढे जा. आमच्या दुसऱ्या बाईंचे 'वाकडं तर वाकडं' मला येथे ऐकू आले.

भारतात ही विद्या पोलिओच्या पावलांनी आली. पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पोलिओ झालेल्या मुलांना उभे करण्यासाठी घडलेले हातच पुढे अर्धांगाच्या रुग्णांना चालवू लागले. बोबाथ आणि ब्रुनस्ट्रॉम ही दोन्ही नावे आपल्या महाविद्यालयांत एकाच वर्गात शिकवली गेली. विद्यार्थिनी कुणाच्या हाताखाली तयार झाली, यावर तिच्या हाताचे वळण ठरले असणार.

वादाची पहिली मोठी कोंडी सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी फोडली. १९८२ मध्ये त्यांनी मांडले की, पलंगावर केलेल्या सुट्या हालचालींतून चालणे आपोआप येत नाही. खुर्चीतून उठणे शिकायचे तर खुर्चीतूनच उठावे लागते, चालणे शिकायचे तर चालावे लागते. पुढे २००९ मध्ये बोबाथ पद्धतीवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा ती इतर पद्धतींहून सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

पट्टा, दोर आणि यंत्र

१९८७ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये बार्बो आणि रॉसिन्योल यांनी पाठकणा तोडलेल्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर सरावाने पुन्हा चालते केले. ग्रॅहॅम ब्राउनचा ठेका पाऊणशे वर्षांनी कामाला आला. मग कल्पना निघाली की, अर्धांगाच्या रुग्णालाही छतापासून दोराने सावरून, त्याचे थोडे वजन उचलून धरून, फिरत्या पट्ट्यावर चालवावे. मॉन्ट्रियलमध्येच शंभर रुग्णांवर झालेल्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन उचलून धरलेल्यांची प्रगती अधिक दिसली. पाठोपाठ झुरिचमध्ये रुग्णाचे पाय स्वतःच हलवणारे यंत्र तयार झाले.

उत्साह मोठा होता. अमेरिकेतला ४०८ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो ओसरला. एका गटाने दोर आणि पट्टा वापरला, दुसऱ्या गटाने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली घरीच ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम केले. दोन्हीकडे नव्वद मिनिटांच्या छत्तीस बैठका. वर्षाअखेर सगळे मिळून ५२ टक्के रुग्णांच्या चालण्यात सुधारणा झालेली होती आणि पट्टा घरच्या व्यायामाहून सरस ठरला नव्हता. शिकागोच्या एका अभ्यासात तर, चालू शकणाऱ्या जुन्या रुग्णांना यंत्रापेक्षा माणसाच्या हाताने अधिक वेग दिला. यंत्र पाय हलवते, तेव्हा रुग्णाला स्वतः कमी धडपडावे लागते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. ज्यांना सुरुवातीला मुळीच चालता येत नाही, त्यांना पहिल्या तीन महिन्यांत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला यंत्राचा उपयोग होतो, हेही तितकेच खरे. अमेरिकी फिजिओथेरपिस्टांच्या २०२० मधल्या मार्गदर्शक तत्त्वांनी सहा महिन्यांवरच्या रुग्णांसाठी सरळ सांगितले: दम लागेल इतपत चालवा.

म्हणजे आमच्या दुसऱ्या बाई बरोबर होत्या तर! पण पहिल्या बाईंच्या बाजूनेही एक पुरावा उभा राहिला. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार चालवले तर काय होते, हे पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर तपासले गेले. २०१५ मधला निष्कर्ष अनपेक्षित होता. अशा घाईने तीन महिन्यांनंतरची स्थिती चांगली असण्याची शक्यता थोडी घटली. अगदी पहिल्या दिवसांत घाई नको, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. पुढे आठवडेच्या आठवडे काठी आणि चालणे अडवून धरण्याला मात्र मला आधार सापडला नाही.

आणि आठवडे मोलाचे असतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या ८०४ रुग्णांच्या पाहणीत निम्म्या रुग्णांना सुरुवातीला मुळीच चालता येत नव्हते. चालण्याची जी काही क्षमता परतायची, ती ९५ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या अकरा आठवड्यांत परतली होती. हा आकडा मी वाचला, तेव्हा अण्णांचे अकरा आठवडे केव्हाच उलटून गेले होते. मी वही काढून तारखा पाहिल्या. मोरीपर्यंतची पहिली फेरी दहाव्या आठवड्यातली होती.

घरच्या माणसांचे काय?

वही आईची होती. दुसऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येत. उरलेले दिवस आई आणि मी. आई वहीत रोज पावले लिहून ठेवी. पहिली नोंद 'दोन, धरून'. मग 'चार, धरून', 'चार, काठी', मध्येच 'आज नाही, ताप'. अण्णा कधी तिच्यावर ओरडत, कधी मुकाट भिंतीकडे बघत बसत. तिचे वय एकाहत्तर. एकदा त्यांचा तोल जाताना तिने त्यांना सावरले आणि महिनाभर तिची कंबर धरली.

घरच्यांनी शिकवण्याचा एक गाजलेला प्रयोग इंग्लंडमध्ये झाला होता. १९६५ मध्ये अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पती रोआल्ड डाल या लेखकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाळी लावून तिला रोज तासन्‌तास बोलायला, वाचायला लावले. व्हॅलरी ईटन ग्रिफिथ ही शेजारीण त्यात पुढे होती. तिने या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यातून स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. १९६८ मध्ये नील पुन्हा पडद्यावर आली आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. ही कथा वाचून मला धीर आला होता.

नंतर भारतातला अभ्यास वाचला. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी, घरची माणसे हजर. मग घरच्यांनाच शिकवले तर? चौदा रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर हे पाहिले गेले. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सहा महिन्यांनंतर घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या गटात ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. प्रशिक्षण न दिलेल्या गटातही ४७ टक्केच.

हा आकडा मी आईला सांगितला नाही. पण तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरच्यांची माया कमी पडते, असा त्याचा अर्थ मी घेत नाही. दोन्ही गटांतली माणसे आपापल्या परीने झटतच असणार. थोडक्या शिकवणीच्या बळावर आईने फिजिओथेरपिस्टची जागा भरून काढावी, ही अपेक्षा चुकीची आहे, असा अर्थ मी घेते. फ्रेंकेलच्या जमिनीवरच्या खुणांपासून अमेरिकेतल्या छत्तीस बैठकांपर्यंत जे जे उपयोगी ठरले, त्यात एक गोष्ट समान आहे. रुग्णाने पुष्कळ चालायचे आणि कुणीतरी जाणत्या माणसाने पुष्कळ दिवस शेजारी उभे राहायचे. पहिल्या गोष्टीवरचा वाद जवळजवळ मिटला आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी तालुक्याच्या गावात किती जाणती माणसे आहेत आणि त्यांचे पैसे कोण भरणार, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटणारा नाही. आमच्या बाईंना आठवड्यातून तीन दिवस बोलावणे आम्हाला परवडले, कारण अण्णांना पेन्शन आहे. त्यांच्याकडून निघून त्या ज्या घरी जात, तिथे त्यांना पंधरा दिवसांतून एकदाच बोलावले जाई. तो माणूस अण्णांहून वीस वर्षांनी लहान होता. अजून तो पलंगावरच आहे.

अण्णांची चाल आजही विळ्यासारखी आहे. पायाला स्प्लिंट, डाव्या हातात काठी, उजवा पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. पहिल्या बाईंना ती आवडली नसती. झटक्यानंतरच्या आषाढात माउलींची पालखी फलटणला आली, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अण्णा, खुर्ची रस्त्याला नेऊन ठेवते, तुम्हाला धरून नेऊ." ते म्हणाले, "खुर्ची ने. मला धरू नको." फाटकापर्यंत ते काठीने गेले. दिंड्या पुढे सरकत होत्या. अण्णा उभे होते ते उभेच राहिले, खुर्ची रिकामी राहिली. परतताना मात्र त्यांनी माझा खांदा धरला.

त्या रात्री आईने वहीत लिहिले, 'फाटक. बहात्तर. येताना धरून.'